कोणतं बोट?

मधुमेह झाला की माणसाच्या सगळ्या तक्रारींना एकच कारण चिकटतं. थकवा आला? शुगर. चष्म्याचा नंबर बदलला? शुगर. झोप लागत नाही, अंगाला खाज सुटते, विनाकारण चिडचिड होते? शुगर, शुगर आणि शुगर. हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात असं म्हणायला सुरुवात केली की समोरचा माणूस वाक्य पुरं होण्याआधीच मान डोलावतो. "शुगर वाढली असेल बघ." हे खोटं नसतं. मधुमेहाचा हाताशी संबंध असतोच. पण हे उत्तर इतकं ऐसपैस आहे की त्यात हात कुठल्या कुठे हरवून जातो.

हाताच्या दुखण्याला पत्ता असतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला तो पत्ता फारसा कुणी विचारत नाही.

माझी तक्रार रात्रीची. झोपेतून जाग यायची ती उजव्या हाताने. मनगटापासून पुढे हात सुजल्यासारखा वाटायचा आणि दिवा लावून पाहिलं तर सूज नावाला नसायची. बोटांत झिणझिण्या, अंगठ्याच्या बुडाशी ठणका, कधी कधी कळ पार कोपराच्या वर चढायची. उठून बसायचं, हात खाली सोडून जोरजोरात झटकायचा, मग हळूहळू मुंग्या ओसरायच्या. घरात निदान तयारच होतं: हाताला रक्त पोचत नाही, कुशीवर झोपू नकोस, शुगर बघ. शुगर बघितली. ठीक होती. सगळ्यांचा विरसच झाला जरा.

डॉक्टरांनी मात्र शुगरचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "बधिर होतं म्हणजे नेमकं कुठे?"

"सगळा हात."

"करंगळीसुद्धा?"

अपरात्री अर्धवट झोपेत हात झटकणारा माणूस करंगळीची वेगळी चौकशी करत नाही. मग त्यांनी टेबलावरचं बॉलपेन माझ्यापुढे केलं. "आता जाग आली की दिवा लावा आणि जिथे बधिर वाटतंय तिथे तळहातावर रेघा ओढा. सकाळी धुण्याआधी फोटो काढा."

पुढच्या वेळी जाग आली तेव्हा मी तसं केलं. सकाळी पाहिलं तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट निळ्या रेघांनी भरलेलं, करंगळी कोरी, आणि अनामिका अर्धीच. मधल्या बोटाकडची बाजू निळी, करंगळीकडची कोरी. मला वाटलं, झोपेत पेन घसरलं असणार. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक अनामिकेच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने फिरवलं. एका कडेला कापूस कापसासारखा मऊ लागत होता. दुसऱ्या कडेला काहीतरी लागतंय एवढंच कळत होतं, काय ते नाही. एकाच बोटाच्या दोन कडा, मध्ये जेमतेम बोटाच्या रुंदीचं अंतर, आणि संवेदनेत एवढा फरक. डोळे उघडून पाहिलं तर बोट नेहमीसारखंच.

रक्तपुरवठा अशी सीमारेषा आखत नाही. रक्तातली साखरही आखत नाही, ती पाचही बोटांत सारखीच फिरते. बोटाच्या मधोमध जाणारी ही रेघ फक्त नसांची असते. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, चेतातंतूची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू ही मिडियन नावाच्या नसेची हद्द. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नसेची. माझा दोष हद्दीत तंतोतंत बसत होता.

मिडियन नस तळहातात शिरते ती मनगटाच्या आतल्या बाजूला असलेल्या एका बोगद्यातून. तळाशी आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वरून एक जाड आडवा बंध. त्या बोळातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, जातात आणि त्यांच्या गर्दीत ही एकटी नस. हाडं हलणार नाहीत, बंध ताणला जाणार नाही. आत थोडी जरी सूज आली तरी चेंगरते ती नस, कारण तिथे मऊ तीच आहे. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तळहाताच्या अंगठ्याकडच्या फुगीर भागाची त्वचा मात्र सहसा बधिर होत नाही, कारण तिच्याकडे जाणारी शाखा आधीच फुटून बंधाच्या वरून जाते. माझ्या फोटोतही तिथे रेघा नव्हत्या. मला हे सगळं कळायच्या आधीच हाताने ते लिहून ठेवलं होतं.

रात्रीच का, हे मला जास्त छळत होतं. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, उशीखाली, गालाखाली, छातीशी. १९८१ साली काही संशोधकांनी बारीक नळी घालून या बोगद्यातला दाब मोजला होता. निरोगी मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या सुमारे २.५ मिलिमीटर भरला, या आजारात ३२ च्या आसपास. आणि मनगट आतल्या बाजूला मुडपल्यावर आजारी हातात ९० च्या वर. एवढ्या दाबाखाली नसेच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि नस कोमेजते. त्यामुळे 'रक्त पोचत नाही' हे घरचं निदान अगदीच टाकाऊ नव्हतं. फक्त रक्त हाताला पोचत होतं, त्या बोटभर नसेला नव्हतं. हात झटकण्याची माझी सवयसुद्धा या आजाराची जुनी ओळखीची खूण निघाली. डॉक्टर ती मुद्दाम विचारतात.

मग मधुमेहाचा यात काय हात? पुष्कळ. टोरांटोतल्या एका संशोधनगटाने २००२ साली छापलेली आकडेवारी अशी: मधुमेह नसलेल्यांत हा विकार सुमारे २ टक्के, मधुमेह आहे पण नसांवर त्याचा परिणाम नाही अशांत १४ टक्के, आणि नसांवर परिणाम झालेल्यांत ३० टक्के. म्हणजे साखर दोन्ही बाजूंनी काम करते. एकीकडे कंडरा आणि बंध जाड, चिवट करते, बोगदा अरुंद करते. दुसरीकडे नसेला आतून दुबळी करते, त्यामुळे निरोगी नस जो दाब सहज सोसून गेली असती तो हिला सोसवत नाही. एका जागी अशक्त झालेली नस दुसऱ्या जागी लवकर दबते, ही कल्पना अप्टन आणि मॅकोमास या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडली. त्यावर वाद अजून चालू आहेत, पण मधुमेहाच्या बाबतीत ती पटते.

इथे 'शुगरमुळे' म्हणणारे लोक म्हणतील, बघा, शेवटी तेच. नाही. फरक हा की दाबाला उपाय आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधायचा हा पहिला उपाय, आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो पुष्कळांना पुरतो. नुसतं 'शुगर आहे' म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला तो पट्टा कधी मिळतच नाही.

मधुमेहाची म्हणून जी खरी नसांची व्याधी आहे, ती वेगळ्या वाटेने येते. ती आधी पाय धरते. कारण साधं आहे: ज्या नसा सर्वांत लांब, त्यांची टोकं सर्वांत आधी सुकतात. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस जवळपास मीटरभर असते. तिच्या पेशीचं मूळ मणक्याजवळ, आणि टोकापर्यंतची सगळी रसद तिथून वाहून न्यावी लागते. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांत एकदमच सुरू होतो, तळव्यावर पसरतो, घोट्यापर्यंत येतो, पिंढऱ्या चढतो. तो गुडघ्यापर्यंत पोचेस्तोवर हातांच्या बोटांची पाळी येते, कारण आता तेवढ्याच लांबीच्या नसांचा नंबर लागलेला असतो. डॉक्टर याला पायमोजे-हातमोजे पद्धत म्हणतात. हातमोज्याला करंगळी आणि अंगठा सारखेच. त्यात एक बोट सुटत नाही, अर्धं बोट तर नाहीच.

तेव्हा पाय ठणठणीत, घोट्याशी टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर नीट कळतेय, आणि एकाच हाताची तीन-साडेतीन बोटं तेवढी बधिर, असं असेल तर मधुमेहाला लगेच दोषी ठरवून फाइल बंद करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि असतातही. तेव्हा ओळखणं कठीण जातं. पण निदान दोन प्रश्न आहेत एवढं तरी कळतं.

माझ्या ताईचा हात हा आणखी तिसराच मामला. तिचा मधुमेह शाळेतला, पहिल्या प्रकारचा; माझ्यापेक्षा कितीतरी जुना. मी तिला उत्साहाने बॉलपेनची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुझी कोणती बोटं बधिर होतात गं?"

"बधिर कुठे होतात? उघडत नाहीत," ती म्हणाली.

"दुखतात?"

"दुखली असती तर दाखवायला गेले असते ना."

तिला नमस्कारासाठी तळवे जोडायला सांगितले. मनगटं टेकली, बोटांची टोकं टेकली, पण मधली पेरं काही केल्या टेकेनात. दोन्ही हातांच्या बोटांमध्ये पलीकडचा उजेड दिसत होता. करंगळीकडे फट सर्वांत मोठी. मी तिचा तळहात टेबलावर पालथा ठेवून वरून हलकेच दाबला. बोटं कमानीसारखी राहिली ती राहिलीच. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायला गेले तर चिमटीत येईना, जाड, मेणचट, ताणलेली. "अगं, किती वर्षं अशीच आहेत ती," ताई म्हणाली. "वय झालं म्हणून असेल." तिच्या शाळेतल्या वह्यांमधलं अक्षर मला आठवतं, सरळ, टपोरं. हल्ली ती सही करते तेव्हा पेन मुठीत धरल्यासारखं धरते. कधीपासून, हे तिलाही सांगता येणार नाही. हळूहळू होणाऱ्या गोष्टीला तारीख नसते.

हा सांध्यांचा आखडलेपणा मधुमेहाचाच, अगदी त्याचाच. १९५७ साली लुंडबेक या डॅनिश डॉक्टरांनी जुन्या मधुमेहींच्या ताठर हातांबद्दल लिहिलं होतं. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत रोझेनब्लूम आणि फ्रियास यांना तो मधुमेही मुलांमध्ये दिसला, म्हणजे 'वय झालं' हे कारण तेव्हाच निकालात निघालं. आणि याची दखल घ्यायची ती हातापुरती नव्हे. ज्यांची बोटं अशी आखडतात त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचे आणि मूत्रपिंडाचे त्रास जास्त आढळतात. जुना मधुमेह आणि नमस्कारात फट, एवढं दिसलं तरी डोळे तपासून घ्यावेत. मी ताईला घेऊन गेले.

हे होतं कसं, ते समजून घेताना माझी मती गुंग झाली. साखर प्रथिनांना चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटते, आणि त्याचंच मोजमाप म्हणजे आपली तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६०च्या दशकाच्या अखेरीस इराणमधल्या सॅम्युएल रहबर यांच्या नजरेस पडलं. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून तो अहवाल साधारण तेवढ्याच काळाचा हिशेब ठेवतो. चार महिने नीट वागलं की पाटी जवळपास कोरी. पण साखर कोलॅजेन या धाग्यांसारख्या प्रथिनालाही चिकटते, म्हणजे कंडरा, बंध, सांध्यांची आवरणं, कातडी. तिथे ती नुसती चिकटून राहत नाही, शेजारशेजारच्या धाग्यांना एकमेकांशी सांधून टाकते, आणि मग धागे एकमेकांवरून सरकेनासे होतात. आणि कोलॅजेन लवकर बदलत नाही. किती उशिरा? १९५० आणि ६०च्या दशकांत उघड्या वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो त्या काळातल्या माणसांच्या शरीरात मुरला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेमागच्या कंडरेत तो शोधला, तेव्हा दिसलं की तिचा गाभा माणूस वयात येईपर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही.

म्हणजे रक्त विसरतं, कंडरा विसरत नाही. "माझी सरासरी तर आता उत्तम आहे, मग हात का?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांना वाटतं की कुणीतरी त्यांना फसवतंय. अहवाल खरा असतो. फक्त तो कागद या तिमाहीचा असतो आणि हात गेल्या वीस वर्षांचा.

याच कुळातलं दुसरं दुखणं म्हणजे अडकणारं बोट. तेही ताईकडे आहे, उजव्या मधल्या बोटाला. सकाळी मूठ उघडते तेव्हा चार बोटं उघडतात, मधलं तसंच दुमडलेलं राहतं, मग ती डाव्या हाताने ते सरळ करते आणि 'टक' असा आवाज येतो. मला ऐकवत नाही. बोट मिटवणारी कंडरा तळहाताशी एका कड्यातून सरकते. ते कडं जाड होतं, कंडरेवर गाठ धरते, आणि सुईच्या नाकातून गाठ पडलेला दोरा ओढावा तसं होतं. मधुमेहात हे पुष्कळ जास्त, आणि एकाहून अधिक बोटांत. त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बऱ्याच जणांना गुण येतो, मधुमेहींना थोडा कमी. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ताईला ती कुणी सांगितली नव्हती: त्या एवढ्याशा इंजेक्शनने पुढचे काही दिवस शुगर चांगलीच वर जाते. ती घाबरून मला फोन करत राहिली, मशीन बिघडलं का विचारत. मशीन ठीक होतं. इंजेक्शन देणाऱ्याने एक वाक्य जास्त बोलायला हरकत नव्हती.

तळहातात गाठी येऊन बोटं आत ओढली जाण्याचा ड्युपिट्रनचा आजारही मधुमेहींत जास्त दिसतो, पण तो बहुधा सौम्य असतो. त्याबद्दल इथे एवढंच.

आता करंगळी. करंगळी आणि अनामिकेची बाहेरची कड बधिर होत असेल तर मनगट सोडून कोपराकडे बघायचं. अल्नर नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, कुठे आपटलं की करंगळीपर्यंत वीज चमकते ती हीच. कोपर टेकवून तासन्तास बसणं, फोन कानाला लावून हात दुमडून ठेवणं, तिला दोन्ही सोसत नाही. आणि मान वळवली की कळ खांद्यातून हातात उतरत असेल तर नस मानेतच दबत असणार. मधुमेही माणसाला मान असते हे डॉक्टरही कधी कधी विसरतात.

रक्ताची एक तपासणी मात्र मुंग्या येणाऱ्या प्रत्येक मधुमेहीने मागून घ्यावी, ती बी१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन ही आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गोळी. गोळी चांगली आहे, मीही घेते. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांच्या शरीरात बी१२ कमी शोषलं जातं, आणि त्याच्या कमतरतेने येणारा बधिरपणा मधुमेहाच्या बधिरपणासारखाच दिसतो. हिमोग्लोबिन चांगलं असूनही नसांना बी१२ कमी पडत असू शकतं, त्यामुळे 'माझं रक्त छान आहे' यावर विसंबू नये. ही कमतरता भरून निघते, लवकर कळली तर मुंग्याही जातात. उलट, मनानेच 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या महिनोन्महिने खाणाऱ्यांनी पाकिटावर बी६ किती आहे ते वाचावं. बी६ मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर ते स्वतःच नसा खराब करतं. १९८३ मध्ये हे छापून आलं, तरी भलं करणारी गोळी भरपूर घ्यावी हा हिशेब काही सुटलेला नाही. थायरॉइडही बघून घ्यावं. ते मंदावलं तरी मनगटातली नस दबते.

माझ्या नसांची तपासणी झाली तीही सांगते, कारण तिची धास्ती फार असते. हातावर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि विजेचे छोटे झटके देतात. प्रत्येक झटक्याला अंगठा आपोआप उडी मारतो, आपण नुसतं बघत राहायचं. दुखतं म्हणण्यापेक्षा दचकायला होतं. संदेश किती मिलिसेकंदांत पोचला ते पडद्यावर येतं. मधुमेहात गंमत अशी की सगळ्याच नसा थोड्या मंद असू शकतात, मग एकटा आकडा बघून काय कळणार? म्हणून एकाच तळहातात, तेवढ्याच अंतरावर, मिडियन आणि अल्नर अशा दोघींना पळायला लावतात. माझी अल्नर वेळेत आली. मिडियन मनगटाशी रेंगाळली. तंत्रज्ञ तरुण होता, म्हणाला, "मॅडम, पेपर चांगला सोडवलाय हाताने, उत्तर स्पष्ट आहे." मात्र आग आणि टोचणी वाहणारे अगदी बारीक तंतू या तपासणीत येतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आणि तळव्यांची आग मात्र खरी, असं होऊ शकतं. त्या माणसाला 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

दुखणं आणि बधिरपणा यांत मला विचाराल तर मी बधिरपणाला जास्त भिते. दुखणं निदान भांडतं, रात्री उठवतं, डॉक्टरकडे नेतं. बधिरपणा गप्प राहतो. गरम भांड्याचा कान बोटाला लागतो आणि आधी वास येतो, मग कळतं. ग्लुकोमीटरची सुई एकाच बोटाला पुन्हा पुन्हा टोचली जाते कारण तिथे लागत नाही, आणि म्हणूनच ती तिथे टोचू नये. हाताची बारीक जखम न कळल्यामुळे चिघळून हात गमवायची पाळी आलेल्या मधुमेहींच्या नोंदी आफ्रिकेतून, विशेषतः टांझानियातून, आलेल्या आहेत. पायाची काळजी घ्या हे आपल्याला भिंतीवरच्या तक्त्यांपासून सगळीकडे सांगितलं जातं. हातांचा तक्ता मी तरी कुठे पाहिला नाही.

आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे दुखणं आपोआप थांबणं. मनगटात नस फार काळ दबून राहिली की तिचे तंतू मरतात, कळ कमी होते, माणूस म्हणतो, चला, बरं वाटतंय. तेव्हा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बघावा. दोन्ही तळवे शेजारी ठेवून तिरप्या उजेडात पाहिलं की कळतं, एक उंचवटा भरलेला, दुसरा चपटा, हाडाच्या बाजूने खोलगट. अंगठा करंगळीच्या समोर आणायला जोर लागतो. गुंडी लावताना बोटांकडे बघावं लागतं, न बघता लावता येत नाही. सुकलेला तो स्नायू परत भरेलच याची खात्री कुणी देत नाही.

शुगर नीट ठेवण्याला अर्थ आहेच, नसता तर मी कशाला एवढी मोजत बसले असते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ जणांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले; साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी घटला. दुसऱ्या प्रकारात फायदा दिसतो पण इतका ठसठशीत नाही. पण एक उलटीही बाजू आहे. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर काही जणांच्या नसा पेटून उठतात, हातापायांची भयंकर आग होते. १९३३ पासून ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक आहे. तेव्हा आपण एवढं पथ्य पाळलं आणि त्याचं हे फळ, असं वाटून माणूस औषधच सोडतो. ती आग बहुतेकदा काही महिन्यांत शमते. सोडायचं नसतं, डॉक्टरांना सांगायचं असतं. आगीसाठी प्रीगॅबॅलिन, ड्युलोक्झेटिन अशी औषधं देतात. पाकिटातल्या कागदावर फिट्स आणि नैराश्य असे शब्द वाचून दचकू नये; तीच औषधं नसांच्या दुखण्यालाही चालतात, आणि ती दुखणं कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत.

एक अपवाद कायम लक्षात ठेवायचा: एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर बोटं मोजत बसायचं नाही. थेट इस्पितळ.

माझ्या मनगटाला पट्ट्याने काही काळ चांगला आराम पडला, मग पडेनासा झाला. आता शस्त्रक्रिया ठरली आहे. करायचं इतकंच असतं की तो आडवा बंध कापून बोगद्याचं छप्पर मोकळं करायचं, भूलही हातापुरतीच. मधुमेह असला तरी फायदा होतो, असं सर्जननी सांगितलं. रात्रीच्या मुंग्या लवकर थांबतात, बोटांचा बधिरपणा जायला वेळ लागतो. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून पाहिली आणि हिशेब केला, सहा महिने तरी धरायला हवेत. पकड काही आठवडे ढिली राहील, तळहाताच्या बुडाशी दाबल्यावर दुखेल, हेही त्यांनी आधीच सांगितलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं.

डाव्या हातालाही हल्ली थोड्या मुंग्या असतात. ताईचं म्हणणं, दोन्ही एकदमच उरकून टाक, पुन्हा पुन्हा कशाला. पण दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्यावर माझं इन्सुलिनचं पेन कोण धरणार?

"मी येईन की," ताई म्हणाली.

तिच्या अंगठ्याने त्या पेनचं बटण पूर्ण दाबलं जात नाही. ती स्वतःचं इन्सुलिन तळहाताने ढकलून घेते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून फक्त उजव्या हाताची तारीख घेतली.